न दिसणाऱ्या चिठ्ठ्या

३ मार्च, सोमवार

अडतीस सेकंद. आज घड्याळ समोर ठेवून मोजले. सर्दीच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकाची पीडीएफ उघडायला माझ्या कॉम्प्युटरला अडतीस सेकंद लागतात. तेवढ्यात मी चष्मा पुसते, पाण्याचा घोट घेते, पेन्सिलीला टोक काढते. इतकी वर्षं असंच चाललंय आणि कुणाची तक्रार नव्हती.

तीच फाईल नवीच्या, म्हणजे नव्यानं लागलेल्या मुलीच्या, कॉम्प्युटरवर टिचकी वाजवावी तशी उघडली.

तिनं त्यात स्वतःच काहीतरी घातलंय. मला न विचारता. ‘छोटासा व्ह्यूअर आहे, एकदम हलका. मेमरी जवळजवळ खातच नाही,’ म्हणाली. येऊन अजून तीन आठवडे झाले नाहीत तिला.

छापखान्यातल्या आमच्या तपासणीच्या खोलीतले सहाही कॉम्प्युटर माझ्या हाताखालून गेलेत. मशीनं म्हातारी झाली म्हणून मालक ती भंगारात काढायला निघाले होते, तेव्हा मीच त्यांच्यावर जुन्या मशीनलाही झेपणारं लिनक्स चढवलं. तीन रविवार घालवले त्यात. घरची बोलणी खाल्ली. तेव्हा आमच्या खोलीच्या प्रमुख ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, ‘ही नसती तर आपण सगळे घरी बसलो असतो.’ ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

आज त्याच ताई नवीच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणत होत्या, ‘अगं, परत एकदा उघड बघू.’

४ मार्च

मला ‘मावशी’ म्हणाली.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, ती एकतीस. तेरा वर्षांत कुणी कुणाची मावशी होत नाही. समोरच्या टेबलावर काका खाली मान घालून हसत होते – त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. साठी जवळ आलेल्या माणसाला आम्ही काका म्हणतो ते ठीक आहे.

‘नावानं हाक मार,’ म्हटलं. तर म्हणे, ‘नावानं कशी मारू, तुम्ही एवढ्या मोठ्या.’

आता ती मला कशानंच हाक मारत नाही. नुसतं ‘अहो’ म्हणते.

६ मार्च, गुरुवार

दुपारपर्यंत चौघांनी येऊन तिचा व्ह्यूअर पाहिला. खालचा छपाईचा मशीनवालासुद्धा येऊन गेला, ज्याचा आणि पीडीएफचा काडीचा संबंध नाही.

मग ताईंनी दोघींना बोलावलं. ‘असं करा, दोघी मिळून बघा. सगळ्या मशीनवर कुठला घालायचा ते पुढच्या शुक्रवारी मला सांगा. तुला आपली मशीनं माहीत आहेत, हिला बाहेर नवीन काय आलंय ते माहीत आहे.’

म्हणजे मी जुनी झाले. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, पण तसंच म्हणाल्या.

७ मार्च

कामाला लागले. हिला दाखवते.

आज चार व्ह्यूअर उतरवून पाहिले. पहिला चटकन उघडतो, पण चारशे टक्क्यांच्या पुढे मोठं करत नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवायचा कागद तो, त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. आठशे टक्के केल्याशिवाय अनुस्वार आहे की कागदावरचा ठिपका, हे कळत नाही. बाद. दुसऱ्यात लाल रंग विटकरी दिसतो. इशाऱ्याच्या चौकटी सगळ्या लाल असतात आपल्या. बाद. तिसऱ्यात एकही बटण नाही, सगळं कळफलकावरून – खाली जायला एक अक्षर, वर जायला दुसरं, मोठं करायला तिसरं. काकांना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बोटं आपटली, मग म्हणाले, ‘हा उघडता येतो, पण बंद कसा करायचा?’ बाद. चौथा बरा होता, पण बाराव्या फाईलला बसला तो उठलाच नाही.

नवीचा मेमरी खातो चाळीस एमबी. आपला जुना साडेतीनशे. मी तीनदा मोजलं. तीनदा चाळीसच.

८ मार्च, शनिवार

जेवताना कन्या म्हणाली, ‘आई, तू आजही तिच्याबद्दलच बोलतेयस.’

‘कुणाबद्दल?’

‘बघ, तिला नाव पण नाहीये. नुसती ती, ती, ती.’

नवरा भात कालवता कालवता हसला. पंधरा वर्षांची पोर, पण हिच्या नजरेतून काही सुटत नाही.

१० मार्च

मला एक सापडला. त्याला मी ‘मधला’ म्हणते. नऊ सेकंदांत उघडतो, हवं तेवढं मोठं करतो, रंग बरोबर दाखवतो, शब्द शोधून देतो, मेमरी नव्वद एमबी. काकांनीही चालवून पाहिला. ‘याचं बटण तरी दिसतंय,’ म्हणाले.

नवीला सांगितलं. ती म्हणाली, ‘छान आहे. पण नऊ सेकंद म्हणजे... दिवसाला साठ फाईली धरल्या तर?’

धरल्या तर नऊ मिनिटं होतात. नऊ मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?

जेवणाच्या सुट्टीत ताईंनी तिला आपल्या डब्यातलं दिलं. मला नेहमी आधी विचारायच्या. आजही विचारलं, पण तिच्यानंतर.

१२ मार्च, बुधवार

सापडलं! आज चार वाजता सापडलं.

मधला नीट तपासावा म्हणून मुद्दाम डॉक्टरीणबाईंची एक जुनी फाईल घेतली. या बाई एका औषध कंपनीकडून आमची पत्रकं वाचून परत पाठवतात. बाकीचे लोक दुरुस्त्या ईमेलमध्ये लिहितात, कागदावर खुणा करतात. या एकट्याच पीडीएफवरच पिवळ्या चिठ्ठ्या लावतात. चिठ्ठीवर क्लिक केलं की आत त्यांचं म्हणणं – ‘इथे विराम हवा’, ‘हा शब्द रुग्णाला कळणार नाही’ वगैरे. त्या सगळ्या आम्ही कागदावर उतरवून खाली मांडणीवाल्यांना द्यायच्या, ते बदल करणार आणि मग छपाई.

या जुन्या फाईलमध्ये सात चिठ्ठ्या. मधल्यात सातही दिसल्या. आपल्या जुन्यात दिसतातच. मग सहज तिच्या हलक्यात उघडली.

एकही नाही. कोरंकरकरीत पान. जणू बाईंनी काही म्हटलंच नाही.

तीनदा बंद करून उघडली. नाहीच. हलका आहे म्हणे. हलका असणारच, ओझं उतरवून ठेवल्यावर!

आज घरी येताना एक स्टॉप आधी उतरून चालत आले. खूप दिवसांनी.

१३ मार्च

सगळं एका कागदावर लिहून ताईंच्या खोलीत गेले. सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते.

आत नवी बसली होती. ताई म्हणाल्या, ‘बरं झालं आलीस. आत्ता हिला तेच सांगत होते, इतक्या वर्षांत मला असं माणूस मिळालं नव्हतं. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.’

इतक्या वर्षांत.

मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. आकडे नेहमी शेवटाकडून वाचायचे म्हणजे डोळा घसरत नाही, हे त्यांनी मला शिकवलं आणि मी ते आजवर एकदाही विसरले नाही. मलाही एकदाच सांगितलं होतं.

‘तुझं काय काम होतं?’ ताईंनी विचारलं.

‘काही नाही. उद्याच बोलू.’

कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

१४ मार्च, शुक्रवार

ठरलं. तिचा.

ताईंनी मला सरळ विचारलं होतं, ‘तू तपासलास ना? काही अडचण?’

‘तपासला.’

‘मग?’

‘चालेल.’

एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाही मी. नवीनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिला वाटलं असेल, मोठ्या मनाची आहे बाई.

माझा हिशेब असा – आठ-दहा दिवसांत कुठल्यातरी पत्रकात बाईंचा एखादा विराम राहील. बाईंचा फोन येईल. ताई तिला विचारतील, हे कसं झालं? मग मी मधला पुढे करीन. विरामानं कुणी मरत नाही.

संध्याकाळी तिचा व्ह्यूअर सगळ्या मशीनवर माझ्याच हातानं चढवला. ‘जुना काढून टाक, उगाच जागा अडते,’ ताई म्हणाल्या. चार मशीनवरून काढला. माझ्यावरचा ठेवला. नवीनं तिचं मशीन मला हात लावू दिलं नाही – ‘माझं मी बघते.’ बघ बाई.

१७ मार्च

सगळे खूश. खोलीत नुसतं टिचकी-टिचकी चाललंय. काका म्हणाले, ‘पूर्वी फाईल उघडेपर्यंत माझी एक डुलकी व्हायची. आता तीही गेली.’

१८ मार्च

नवी संध्याकाळी आमच्यानंतर निघते. ताईंना दिसावं म्हणून. मी काय ओळखत नाही असले प्रकार?

१९ मार्च

बाईंची फाईल नाही. विचारलंही – सहजच. पुढच्या आठवड्यात येईल म्हणे.

२० मार्च, गुरुवार

दर वर्षी या सुमारास ताई औषध कंपनीच्या बैठकीला जातात. सोबत मला नेतात. सहा वर्षं नेलं. यंदा नवीला घेऊन गेल्या.

‘तुझ्याकडे काम खूप आहे ना,’ मला म्हणाल्या. माझ्याकडे नेहमीच काम खूप असतं.

मागच्या वर्षी परत येताना टॅक्सीत त्यांनी मला त्यांच्या मुलाबद्दल सांगितलं होतं – तो दूर गेला, फोन करत नाही वगैरे. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. आज टॅक्सीत काय बोलल्या असतील? तिला सांगितलं असेल का?

दोघी परत आल्या त्या हसतच. काही विनोद झाला होता म्हणे गाडीत. मला सांगायला लागल्या, पण मध्येच हसू फुटलं आणि विनोद राहूनच गेला. मी पण हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

घरी आल्यावर तसंच हसून आरशात पाहिलं. अशी दिसते मी. बरं.

२४ मार्च, सोमवार

बाईंची फाईल आली. लहान मुलांच्या खोकल्याचं औषध. पहिलं वाचन काका, दुसरं नवी.

साडेअकराला काका आळस देत मला म्हणाले, ‘कमाल आहे. यावेळी बाईंना एकही चूक सापडली नाही. पहिल्यांदाच झालं असं.’

मी म्हटलं, ‘अस्सं.’

फाईल सगळ्यांच्या फोल्डरमध्येच आहे. माझ्या मशीनवर जुना व्ह्यूअर आहे. बाण फाईलवर नेऊन ठेवला होता. उघडली असती तर मला कळलं असतं. म्हणून उघडली नाही.

लहान मुलांचं औषध आहे. पण बाई विरामांसाठीच चिठ्ठ्या लावतात. दहातल्या नऊ विरामाच्या असतात.

२५ मार्च

दुरुस्तीच्या कागदावर नवीनं लिहिलं – ‘दुरुस्ती नाही’. खाली सही. काकांची पण सही. कागद माझ्या टेबलावरूनच खाली गेला, कारण खाली पाठवायची पेटी माझ्या टेबलावर असते. मीच टाकला पेटीत.

उद्या सकाळी छपाई.

 नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो, सहसा घरी येऊन कामाचं बोलत नाही. आज जेवताना म्हणाला, एका इमारतीत लिफ्टचा दरवाजा पुरता लागत नव्हता. त्याच्या जोडीदाराला कालच दिसलं होतं. पण ती लिफ्ट दुसऱ्याच्या फेरीतली. ज्याची आहे त्यानं बघावं म्हणून हा निघून गेला, पाटीसुद्धा लावली नाही. आज एका आजीबाईंचा हात अडकला. थोडक्यात वाचला.

‘मग तू काय म्हणालास त्याला?’ कन्येनं विचारलं.

‘काही नाही. त्याच्याशी बोलावंसंच वाटेना.’

मी ताट अर्धंच ठेवून उठले. पाणी प्यायले. नवरा म्हणाला, ‘काय गं, बरं नाही का?’

२६ मार्च, बुधवार

आज अक्षर वाकडं येतंय.

सकाळी पाऊण तास आधी पोचले. खोलीत कुणी नव्हतं. पर्स खांद्यालाच ठेवून मशीन चालू केलं, जुन्यात बाईंची फाईल उघडायला घातली. अडतीस सेकंद. चष्मा पुसला नाही, पाणी प्यायले नाही. नुसती पडद्याकडे बघत उभी.

तीन चिठ्ठ्या.

पहिली – विराम. दुसरी – ‘थंड’च्या जागी ‘गार’ चालेल का? तिसरी मात्रेच्या तक्त्यावर होती. ‘एक वर्षाखालील बाळ – दीड चमचा असे छापले आहे. दीड मिली हवे. कृपया आधी हे बदला.’

दीड चमचा. एवढंसं बाळ.

जिना कशी उतरले आठवत नाही. खाली मशीन सुरू होतं, त्याचा आवाज जिन्यातच लागतो कानाला. मशीनवाल्याला म्हटलं, ‘थांबव.’

‘का?’

‘थांबव म्हणते ना.’

‘अहो, दुरुस्ती नाही म्हणून सही आहे कागदावर. मी कुणाच्या सांगण्यावरून थांबवू?’

‘माझ्या.’

त्यानं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लाल बटण दाबलं. अठरा हजार कागद छापून झाले होते. घडीच्या मशीनवर पहिला गठ्ठा नुकताच चढवला होता. दाराबाहेर एकही गेला नव्हता. मी तिथंच कागदाच्या गठ्ठ्यावर बसले.

ताई कामावर आल्या त्या तशाच धावत खाली आल्या. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझे दोन्ही हात धरले त्यांनी.

‘तुला कसं सुचलं गं बघायचं?’

‘सहज,’ म्हटलं. ‘सहज जुन्यात उघडून बघितली.’

२७ मार्च

मालक स्वतः वर आले. सगळ्यांना उभं करून माझं कौतुक केलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, ‘त्या बाईंना माझे आभार सांगा.’ मशीनवाला जाता-येता सलाम करतो. महिनाभर जे मनात घोळवत होते ते सगळं झालं – अगदी तसंच, त्याहून जास्त.

नवीला मालकांनी विचारलं. ती म्हणाली, ‘व्ह्यूअर मी सुचवला. वाचनही माझं होतं. चूक माझी आहे.’ रडली नाही. सबब सांगितली नाही. काकांचं नावसुद्धा घेतलं नाही. कुणीतरी म्हणालं, एवढी मोठी गोष्ट तपासून बघता आली नाही का? त्यावरही ‘चूक माझी’ एवढंच म्हणाली.

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी काका खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. कधी बसत नाहीत असे.

‘मी सोमवारी तुला म्हणालो होतो, बाईंना एकही चूक सापडली नाही. ऐकलं होतंस ना तू?’

‘हो.’

‘तेव्हाच का नाही बोललीस? तुला तर माहीत आहे त्या चिठ्ठ्या लावतात ते.’

‘लक्षात आलं नाही, काका.’

 ते म्हणाले, ‘माझ्याही लक्षात यायला हवं होतं. सही माझी पण आहे.’ आणि उठून गेले. सत्तावीस वर्षांत त्यांच्या सहीच्या कागदात अशी चूक गेली नव्हती. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण ते मला माहीत आहे.

२८ मार्च, शुक्रवार

सहाही मशीनवर मधला चढवला. नऊ सेकंद. कुणी कुरकुर केली नाही.

ताईंनी बोलावून घेतलं. दार लावलं. जूनमध्ये त्या निवृत्त होणार. त्यांच्या खुर्चीसाठी मालकांना माझं नाव सांगितलंय. ‘आता तर ते आनंदानं हो म्हणाले.’ आणि नवीला ठेवणार नाहीत. तीन महिन्यांची बोली होती, ती आधीच मोडतायत. सोमवार शेवटचा दिवस.

मी म्हटलं, ‘ताई, तिचा एकटीचा दोष नाही.’

‘मनानं चांगली आहेस तू,’ त्या म्हणाल्या. ‘पण या कामात असली चूक पोटात घालता येत नाही.’

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती दिवसांनी ठेवला. उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

घरी खुर्चीचं सांगितलं. नवऱ्यानं शेजाऱ्यांना पण सांगितलं. कन्या म्हणाली, ‘आज तिच्याबद्दल एक शब्द नाही बोललीस.’

२९ मार्च

तो तेरा तारखेचा कागद पर्समधून काढला. सगळं नीट लिहिलंय, तारखेसकट. ताईंना द्यायचा म्हणून अक्षर पण चांगलं काढलं होतं. बारीक तुकडे करून टाकून दिले. 

३० मार्च, रविवार

उद्या ती शेवटची येणार. मला बरं वाटायला हवं.

३१ मार्च, सोमवार

दुपारी नवी जिन्यात भेटली. हातात तिच्या टेबलावरच्या सामानाचं खोकं. म्हणाली, ‘तुम्हाला एक सांगून जायचंय. माझ्या व्ह्यूअरमध्ये चिठ्ठ्या दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. सगळ्या मशीनवर घातला त्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. रोज तुम्ही सगळे गेल्यावर मी वाचलेली प्रत्येक फाईल माझ्या मशीनवर ठेवलेल्या जुन्यात उघडून बघायचे. त्या सोमवारी एकोणीस होत्या. ही एक राहिली.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘ताई दर दोन वाक्यांनी तुमचं नाव घेतात. ही होती म्हणून हे झालं, ही होती म्हणून ते झालं. टॅक्सीत पण तेच. एक तरी गोष्ट माझी तुमच्यापेक्षा बरी असावी, एवढंच वाटत होतं.’

मी म्हटलं, ‘मलाही माहीत होतं. बारा तारखेपासून.’

 तिनं खोकं पायरीवर ठेवलं. आम्ही दोघी वर ताईंच्या खोलीपाशी गेलो. तिनं दार वाजवायला हात उचलला.

तिच्या आधी मी वाजवलं.